पोहता येत नाही? तरी अंदमानच्या पाण्यात उतरा

गेल्या काही वर्षांत आपल्या वस्त्यांतूनही अंदमानला जाणारी कुटुंबे दिसू लागली आहेत. कुणाचा मुलगा पोस्टात असतो, कुणाची सून केंद्राच्या एखाद्या कार्यालयात. गावी जाण्याच्या एलटीसीऐवजी अंदमानला विमानाने जाण्याची सवलत केंद्र सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांना दिली आणि तिची मुदत पुनःपुन्हा वाढवली, त्याचा हा परिणाम. कुणी निवृत्तीच्या पैशातून आईवडिलांना नेतात. परत आल्यावर फोटो दाखवतात, ते आम्ही आवडीने पाहतो. पण बहुतेक फोटो कोरड्या वाळूवरचे! मागे निळा समुद्र, पुढे ओळीने उभे असलेले कुटुंब, सगळ्यांच्या पायांत चपला. "पाण्यात नाही गेलात?" विचारले की उत्तर येते, "आम्हाला कुठे पोहता येतं ताई."

एवढा खर्च करून, एवढे लांब जाऊन समुद्राला पाय न लावता परत यायचे, हे आम्हाला पटत नाही. पोहता न येणाऱ्यालाही अंदमानात करण्यासारखे पुष्कळ आहे. उलट ज्यांना "थोडंफार" पोहता येते, त्यांचीच आम्हाला जास्त काळजी वाटते. विहिरीत किंवा कालव्यात शिकलेले पोहणे समुद्रात तसेच्या तसे चालत नाही.

जायचे तर जानेवारी ते एप्रिल हे महिने बरे. मे ते सप्टेंबर पाऊस असतो, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरातही तिथे पाऊस पडतो. आणखी एक गोष्ट आधीच ध्यानात ठेवा. अंदमान आपल्या पूर्वेला खूप लांब, घड्याळ मात्र आपलेच. त्यामुळे डिसेंबरात संध्याकाळी पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. पाण्यातले सगळे खेळ सकाळी उरकायचे.

सगळ्यात आधी स्नॉर्केलिंग. स्वराज द्वीपावर, म्हणजे पूर्वीच्या हॅवलॉकवर, एलिफंट बीच नावाचा किनारा आहे. जेट्टीवरून बोटीने तिथे नेतात. डोळ्यांवर नाकासकट झाकणारा चष्मा, तोंडात नळी, अंगात लाइफ जॅकेट. आपण रबरी रिंग धरून पाण्यावर पालथे तरंगायचे आणि गाइड रिंग ओढत पुढे जातो. हातपाय मारावे लागत नाहीत. खाली प्रवाळ, पट्ट्यापट्ट्यांचे मासे, काळे काटेरी सागरगोळे. अडचण एकच येते, तोंडाने श्वास घ्यायची सवय नसते. चष्म्यात नाक बंद झाले की माणूस घाबरतो, नळी सोडतो, खारट पाणी घशात जाते. यावर घरी करण्यासारखा उपाय आहे. जायच्या आधी आठवडाभर रोज पाच मिनिटे नाक चिमटीत धरून फक्त तोंडाने, सावकाश श्वास घ्या. पुढे बादलीभर पाण्यात चेहरा बुडवून दहा आकडे मोजा. लहान मुलांना हे एकट्याने करू देऊ नका. आमच्याबरोबरच्या पन्नाशीच्या दोन बायकांनी एवढीच तयारी केली होती आणि त्या पाण्यातून बाहेर यायला तयार नव्हत्या.

लाइफ जॅकेट नुसते अडकवायचे नसते. सगळे पट्टे बांधा, मग दुसऱ्याला खांद्यापाशी धरून वर ओढायला सांगा. जॅकेट कानापर्यंत आले तर ते ढिले आहे, दुसरे मागा. मागायला लाजू नका, पैसे आपण दिलेले असतात.

कपड्यांचे बोलायलाच हवे. साडी नेसून समुद्रात जाऊ नये. ओली साडी जड होते आणि लाटेत पायांना गुंडाळते. ओढणीही काढून ठेवा. लेगिंग आणि पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट उत्तम. अंग झाकते, उन्हापासून वाचवते आणि पाय मोकळे राहतात. पाळी चालू असेल तरी पाण्यात उतरायला आरोग्याची काही हरकत नाही. पॅड मात्र पाण्यात टिकत नाही. कप वापरत असाल तर प्रश्नच नाही, नाहीतर गुडघाभर पाण्यात खेळा. "आपण सावळे, आपल्याला ऊन बाधत नाही" हाही गैरसमज सोडा. पालथे तरंगताना पाठ आणि पोटऱ्या भाजून निघतात, आणि ते कळते रात्री झोपताना.

आता स्कूबा. पाठीवर हवेची टाकी घेऊन गाइडबरोबर खाली जायचे. यालाही पोहणे यावेच लागते असे नाही. पण आधी एक फॉर्म भरून घेतात. दमा आहे का, फिट येतात का, हृदयाचा आजार, रक्तदाब, कानाचे ऑपरेशन, गरोदरपण. आपली माणसे इथे सरसकट "नाही"वर खूण करतात. पैसे भरलेले असतात, नाव कापले जाईल अशी भीती असते. आमच्याबरोबरच्या एका काकांच्या खिशात दम्याचा पंप होता आणि फॉर्मवर "नाही" होते. आम्ही फॉर्म परत मागून घेतला आणि त्यांना खरे लिहायला लावले. त्यांना खाली सोडले नाही. काका दिवसभर रुसले. दुसऱ्या दिवशी तळाला काच बसवलेल्या बोटीतून त्यांनी तेच प्रवाळ पाहिले. आता वस्तीत "आपण समुद्राचा तळ पाहिला" असे सांगतात, आणि त्यात खोटे काही नाही.

दम्याला मनाई का, ते समजून घ्या. पाण्यात दर १० मीटरला दाब एका वातावरणाइतका वाढतो. खाली छातीत घेतलेली हवा वर येताना फुगते. श्वासनळ्या आकसलेल्या असतील तर ती बाहेर पडत नाही आणि फुप्फुस फाटू शकते. धडधाकट माणसानेही म्हणूनच वर येताना श्वास कधी रोखून धरायचा नाही. सर्दी असेल तर कानातला दाब सुटत नाही, पडदा फाटतो. त्या दिवशी जाऊच नये. डोक्यावर काचेचे हेल्मेट घालून तळावर चालवतात तो "सी वॉक" पुष्कळांना निर्धोक वाटतो, पण कानावरचा दाब तिथेही तोच असतो. पैसे भरण्याआधीच विचारून घ्या की तब्येतीमुळे नाही म्हटले तर रक्कम परत मिळेल का. हा प्रश्न विचारला की फॉर्म खरा भरला जातो.

स्कूबा केल्यावर लगेच विमानात बसायचे नाही. रक्तात विरघळलेला नायट्रोजन वर गेल्यावर बुडबुड्यांच्या रूपात बाहेर येतो. सांधे दुखतात, कधी हातपाय लुळे पडतात. एकदाच खाली गेला असाल तर किमान १२ तास, जास्त वेळा गेला असाल तर किमान १८ तास थांबावे. आम्ही तर सरळ पूर्ण एक दिवस मधे ठेवायला सांगतो. टूरवाला शेवटच्या सकाळी स्कूबा आणि दुपारी विमान असे बसवत असेल तर क्रम बदलून घ्या. शेवटच्या दिवसाला पोर्ट ब्लेअरसमोरचे रॉस बेट चांगले. जुन्या पडक्या इमारती आहेत, हरणे फिरतात, सावलीही आहे. पोर्ट ब्लेअरचे नाव २०२४ पासून श्री विजय पुरम झाले आहे आणि रॉसचे २०१८ पासून नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप, त्यामुळे तिकिटावर वेगळे नाव दिसले तर गोंधळू नका. जुन्या लाल २० रुपयांच्या नोटेमागे नारळाची झाडे आणि दीपस्तंभ आहे ना, तो देखावा इथल्याच नॉर्थ बेचा. मुलांना नोट हातात देऊन तो शोधायला लावा.

विदर्भातल्या वाचकांसाठी सिकलसेलबद्दल वेगळे लिहितो. घरात कुणी एसएस असेल तर त्याने स्कूबा करू नये. विमानप्रवासाचेही आपल्या डॉक्टरांना आधी विचारावे. म्हणून त्याने हॉटेलात बसून राहायचे असे मात्र नाही. उथळ, उबदार पाण्यात थोडा वेळ स्नॉर्केलिंग, काचेची बोट, वाळूतले खेळ हे डॉक्टरांना विचारून करता येते. बाहेर आल्याबरोबर अंग कोरडे करून कपडे बदलायचे. परतीच्या बोटीत ओल्या कपड्यांनिशी वाऱ्यावर बसणे हेच दुखणे उठवायला पुरेसे असते. पाणी तहान लागायच्या आधी प्यायचे. हायड्रॉक्सियुरिया, फोलिक अ‍ॅसिड जे चालू असेल ते हातातल्या पिशवीत. एएस म्हणजे वाहक असलेल्यांना साध्या खेळांना मनाई नाही, पण भर उन्हात दमछाक टाळावी आणि स्कूबाआधी डॉक्टरांना विचारावे.

राधानगर किनारा सगळेच पाहतात. लाटांत बसणे, एकमेकांचे हात धरून उड्या मारणे यातली मजा काही औरच. पोहता न येणाऱ्याने कमरेपुढे जाऊ नये, आणि दारू प्यायलेल्याने अजिबात उतरू नये. यात आम्ही कुणाचे ऐकून घेत नाही. पाणी आत ओढते आहे असे वाटले तर किनाऱ्याच्या दिशेने झगडू नका. किनाऱ्याला समांतर, आडवे सरका किंवा उताणे तरंगत हात वर करून हाक मारा. ओढ अरुंद पट्ट्यात असते, बाजूला झाले की सुटका होते. मगरींचा बोर्ड दिसला तर त्याच्यासमोर सेल्फी काढू नका, मागे फिरा. २०१० साली याच किनाऱ्याच्या एका कोपऱ्यात स्नॉर्केलिंग करणारी एक पर्यटक मगरीने मारली. खाडीची तोंडे, खारफुटी आणि अंधारून आल्यानंतरचे पाणी टाळा. जीवरक्षक आहेत तिथेच उतरा.

कुणी बुडताना दिसले तर मागोमाग उडी मारू नका. बूच लावलेला रिकामा कॅन, रिंग, दोरी, जे हाताला लागेल ते फेका आणि जीवरक्षकाला बोलवा. बाहेर काढलेल्या माणसाचे पोट दाबणे, त्याला उलटे धरणे, गरगर फिरवणे हे सगळे बंद. श्वास नसेल तर डोके मागे करून, नाक दाबून आधी तोंडाने २ श्वास द्या. मग छातीच्या मधोमध ३० दाब, मिनिटाला १०० ते १२० या गतीने, परत २ श्वास. ११२ ला फोन दुसऱ्याला करायला सांगा. माणूस शुद्धीवर येऊन बोलू लागला तरी दवाखान्यात न्यायचेच. फुप्फुसात गेलेले पाणी काही तासांनी त्रास देते.

शहीद द्वीप, म्हणजे नील बेट, आम्हाला सगळ्यात आवडले. लक्ष्मणपूरच्या एका किनाऱ्यावर खडकाची नैसर्गिक कमान आहे. ओहोटीला पाणी मागे जाते आणि खडकांच्या डबक्यांत खेकडे, मासे, सागरकाकडी उघडी पडतात. मुलांसाठी याहून चांगली शाळा नाही. शेवाळावरून पाय घसरतो, म्हणून मागे पट्टा असलेली चप्पल घाला. आणि पाहायचे डोळ्यांनी. शंकूच्या आकाराचा नक्षीदार शंख जिवंत असेल तर आतली गोगलगाय विषारी काटा मारते, तो जिवावर बेततो. प्रवाळ तर मेलेलासुद्धा आणू नका. वन्यजीव कायद्याने बंदी आहे आणि विमानतळावर सामान तपासतात.

मधुमेही आजी-आजोबांना वाळूत अनवाणी फिरवू नका. पायाची जाणीव कमी झालेली असते, तापलेल्या वाळूचा चटका कळतच नाही. आम्ही असे फोड पाहिले आहेत, आणि ते भरायला महिने लागतात. रोज रात्री त्यांचे तळवे दिव्याखाली पाहा. प्रवाळाने खरचटले तर साबण आणि भरपूर स्वच्छ पाण्याने धुवा. सागरगोळ्याचा काटा रुतला तर सोसेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवा, मग दवाखाना आणि टीटी. जेलीफिश लागली तर समुद्राच्याच पाण्याने धुवायचे, गोड्या पाण्याने नाही, आणि चोळायचे तर मुळीच नाही.

बनाना बोट, जेट स्की यांची आम्हाला फार ओढ नाही. कंबरदुखी असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी त्या वाटेला जाऊ नये. त्याऐवजी अमावास्येच्या आसपास स्वराज द्वीपावर असाल तर रात्री गाइडबरोबर कयाक नावाच्या छोट्या होडीतून फिरा. वल्हे मारले की पाणी निळसर चमकते. ते सूक्ष्म जीव स्वतःच उजेड देतात.

औषधे मोजून नेऊ नका, चार दिवसांची जास्त ठेवा. हवा बिघडली की बोटी रद्द होतात. इन्सुलिन सामानात टाकू नका, जवळ बाळगा. बोट लागत असेल तर उपाशीही नको आणि भरपेटही नको, मधल्या भागात बसा, नजर क्षितिजावर. उलटीची गोळी डॉक्टरांना विचारून तासभर आधी. जुलाब झाले तर ओआरएस, ते नसेल तर १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा.

अंदमान खिशाला झेपत नसेल तर मालवण आहे. होडीने सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बेटावर जाता येते, आसपास स्नॉर्केलिंग आणि स्कूबाही होते. पावसाळ्यात हे बंद असते. वर लिहिलेले सगळे तिथेही लागू, फॉर्मसुद्धा.

घरी आल्यावर कान दुखत राहिला तर तेल घालू नका, कानाच्या डॉक्टरांना दाखवा. आणि महिनाभरात थंडी वाजून ताप आला तर अंगावर काढू नका. रक्ताची मलेरियाची तपासणी करून घ्या आणि नुकतेच अंदमानला जाऊन आलो, हे डॉक्टरांनी विचारायच्या आधी सांगा.