जुन्या इंजिनाची खातरजमा

भंडारा जिल्ह्याच्या धानशेतीस पाण्याची चणचण भासू नये, अशी तजवीज पूर्वजांनी करून ठेवली होती. कोहळी समाजाने बांधलेले आणि पुढे मालगुजारांच्या वहिवाटीत आलेले तलाव, १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपुष्टात आली तरी, साकोली-लाखांदूरकडे अद्याप पाणी धरून आहेत, आणि पवनी तालुक्यात वैनगंगा अडवून गोसीखुर्दचे धरणही उभे राहिले आहे. तथापि जेथे कालवा पोचत नाही आणि वीज नेमक्या घटकेस दगा देते, तेथे पावसाने ओढ दिली की रोवणी खोळंबते, आणि मग नाल्याकाठी ठेवण्यासाठी एखादे जुने डिझेल इंजिन विकत घेण्याची वेळ येते.

अशा सौद्यात इंजिनाचा रंग पाहून किंमत ठरवणे म्हणजे सातबारा न वाचता जमीन घेणे होय. रुडॉल्फ डिझेल यांनी १८९७ साली आउग्सबुर्ग येथे यशस्वी करून दाखवलेल्या या यंत्रात ठिणगी पाडणारा प्लग नसतो. आत घेतलेली हवा पिस्टनने सोळाव्या-अठराव्या हिश्शापर्यंत दाबली असता ती इतकी तप्त होते की, तीत फवारलेले इंधन आपोआप पेट घेते. हा दाब, ज्यास मिस्त्री लोक कॉम्प्रेशन म्हणतात, रिंगा झिजल्याने वा वाल्व्ह नीट न बसल्याने निसटू लागला, की थंड इंजिन कितीही हॅन्डल मारले तरी चालू होत नाही. म्हणूनच विक्रेत्याने आपण येण्यापूर्वीच इंजिन तापवून ठेवले असेल, तर ते निवेपर्यंत स्वस्थ बसावे; गरम इंजिनाची साक्ष मी ग्राह्य मानीत नाही.

इंधनाची तोटी बंद करून आणि वाल्व्ह उचलून धरणारी खिट्टी सोडून देऊन, फ्लायव्हील त्याच्या चालण्याच्या दिशेने हातानेच सावकाश फिरवावे. दाबाच्या फेऱ्यात ते जोराने अडले आणि हात सैल करताच मागे उसळले, तर प्रकृती बरी आहे असे समजावे. ते मुकाट्याने पुढे सरकले, तर हवा कोठून पळते याचा तपास करावा. दाब धरून ठेवला असता एअर फिल्टरच्या बाजूने फुसफूस ऐकू आली तर हवा आत घेणारा वाल्व्ह सदोष, सायलेन्सरमधून आली तर धूर सोडणारा, तेल भरण्याच्या तोंडातून आली तर रिंगा वा लायनर झिजलेले, आणि पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाच्या पाण्यात बुडबुडे उठले तर हेड गॅस्केट फुटलेले, अशी बहुधा ही कैफियत असते. (हॅन्डल मारताना मात्र अंगठा बोटांच्याच बाजूस ठेवावा, उलटा झटका बसला तर मनगट मोडते.)

मिस्त्रीजवळ दाबमापक असेल तर इंजेक्टर काढून त्या जागी तो बसवावा. लहान डिझेल इंजिनांत दर चौरस सेंटिमीटरला पंचवीस-तीस किलोच्या आसपास दाब सामान्यतः आढळतो, परंतु अंतिम प्रमाण निर्मात्याच्या पुस्तिकेचेच मानावे. पेट्रोलच्या दुचाकीत हा आकडा पुष्कळ कमी, आणि तेथे प्लगच्या छिद्रातून चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजण्याची रीत आहे. आकडा चढला तर दोष रिंगांकडे, जागच्या जागी राहिला तर वाल्व्ह वा गॅस्केटकडे. डिझेल इंजिनावर हा प्रयोग नवशिक्याने करू नये, कारण त्यातील मोकळी जागा इतकी अल्प असते की, जास्त पडलेले तेल दाबले न जाता पिस्टनचा दांडाच वाकवू शकते.

दाब कमी निघाला म्हणून सौदा मोडलाच पाहिजे असे नाही. वाल्व्ह घासून बसवणे वा गॅस्केट बदलणे किरकोळ काम आहे. पिस्टन, रिंगा आणि लायनर यांचा खर्च मोठा, तरी पुण्याच्या किर्लोस्कर ऑईल इंजिन्ससारख्या १९४६ पासूनच्या कंपनीचे इंजिन असेल तर सुटे भाग मिळण्याची पंचाईत सहसा पडत नाही. तो खर्च मिस्त्रीकडून आधी अंदाजून घ्यावा, सांगितलेल्या किमतीतून वजा करावा, आणि मगच बयाण्याची रक्कम पुढे करावी.