तोफ आणि तिचा गोळा : परांड्याचा ठेवा

धाराशिव जिल्ह्यातील परांडा हा भुईकोट, म्हणजे सपाट जमिनीवर बांधलेला व खंदकाने वेढलेला किल्ला, जुन्या तोफांसाठी प्रसिद्ध असून, आज विजापूरच्या बुरुजावर असलेली ‘मलिक-ए-मैदान’ ही तोफही एकेकाळी याच किल्ल्यात होती. महंमद बिन हसन रूमी याने १५४९ मध्ये अहमदनगर येथे ओतलेली ही सुमारे ५५ टन वजनाची तोफ आदिलशाही सरदार मुरार जगदेव यांनी १६३२ मध्ये परांड्याहून विजापूरला नेली.

तोफ हाताशी असली, तरी तिच्या मापाचा गोळा असल्याशिवाय तिचा उपयोग नसे. तोफांच्या नळ्यांची मापे एकसारखी नसत. गोळा मोठा असला तर तो नळीत अडके, आणि फार लहान असला तर पेटलेल्या दारूचा वायू त्याच्या कडेने निसटून मारा कमकुवत होई, म्हणून दगडी गोळे घडवताना व लोखंडी गोळे ओतताना नळीच्या आतल्या व्यासाहून किंचित कमी माप ठेवावे लागे. तालिकोटच्या १५६५ च्या लढाईत तर तोफांत तांब्याची नाणी भरून जवळच्या पल्ल्यावर मारा केल्याचे सांगितले जाते.

गोळ्यावाचून तोफेचा इतिहास अपुरा राहतो. म्हणूनच परांड्यातील गोळ्यांचे व्यास मोजून, ते कोणत्या तोफेचे हे ठरवून त्यांची नोंद व्हायला हवी, आणि त्यांचे जतन तोफांइतक्याच आस्थेने झाले पाहिजे.