वजनाचे खिसे किती भरवशाचे?
स्कूबाच्या जॅकेटमधले शिशाच्या वजनांचे खिसे संकटात एका हिसक्यात निघायला हवेत, एरवी मात्र निसटता कामा नयेत. खरी अडचण इथेच आहे. नुसत्या वेल्क्रोवर धरलेल्या खिशाचा मला भरवसा वाटत नाही. आकड्यांत वाळू, धागे अडकले की पकड सैल होते. बकल बरं, पण फटीत खडा राहिला तर तेही अर्धवटच बसतं. 10 मीटरवर 4 किलोचा खिसा गळाला, तर माणूस बुचासारखा वर जातो. तिथून पृष्ठभागापर्यंत हवेचं आकारमान दुप्पट होतं. श्वास रोखला तर फुप्फुस फाटू शकतं. म्हणून पाण्यात उतरण्याआधी दोन्ही खिसे ओढून बघा, जोडीदारालाही बघायला लावा. थोडं वजन कमरेच्या पट्ट्यावर ठेवा. नंतर बकल गोड्या पाण्यात उघडझाप करत धुवा. तडा दिसला तर बदलूनच टाका.