जिव्या सोमा म्हसे : वारली चित्राला कागदावर आणणारा कलावंत

वारली चित्र आज लग्नपत्रिकेपासून साडीच्या पदरापर्यंत दिसते. ते जगापुढे नेण्यात पालघर जिल्ह्यातील गंजाडचे जिव्या सोमा म्हसे (1934–2018) यांचा वाटा फार मोठा आहे.

मूळ परंपरा

वारली समाजात चित्र काढणे हा लग्नविधीचा भाग आहे. कुडाची भिंत शेणाने सारवतात, गेरूचा हात देतात आणि सवाशिणी तिच्यावर चौक, म्हणजे लग्नाचे चौकोनी चित्र, लिहितात. रंग एकच : तांदळाच्या पिठाचा पांढरा. कुंचला म्हणजे टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी. चौकात मधोमध पालघट देवी असते. लग्न लावणारी धवलेरी गाणी म्हणते. हा चौक लिहिल्याशिवाय लग्न लागत नाही.

म्हसे वेगळे कसे ठरले

लहानपणी आई गेली आणि जिव्या बोलेनासे झाले. मातीत रेघा ओढून ते मनातले सांगत. पुढे बायकांच्या मानल्या गेलेल्या या कलेत हा पुरुष रमला. लग्न असो वा नसो, ते रोज चित्र काढू लागले. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी डहाणू भागात आले. त्यांनी वारल्यांना कागद दिला आणि म्हशांची प्रतिभा ओळखली.

त्यांची रेघ

वारली माणूस म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण, वर गोल डोके आणि काडीसारखे हातपाय. एवढ्याच सामग्रीत म्हशांनी हालचाल आणली. तारपा हे वाद्य वाजवणाऱ्याभोवती फेर धरणारे नाचे, शेतात वाकलेली माणसे, मुंग्यांची रांग, झाडावरचे पक्षी अशी त्यांची चित्रे गजबजलेली असतात. मासेमारीच्या चित्रात तर बारीक रेघांनी विणलेले जाळेच जवळजवळ सारा पट व्यापते. शेणाने सारवलेल्या कापडावरही ते रंगवत. त्यामुळे भिंतीचा पोत चित्रात कायम राहिला.

मानसन्मान

1976 मध्ये त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. 1989 मध्ये पॅरिसच्या ‘मॅजिसियँ द ला तेर’ या गाजलेल्या प्रदर्शनात त्यांची चित्रे होती. नेदरलँड्सचा प्रिन्स क्लाउस पुरस्कार 2009 मध्ये आणि पद्मश्री 2011 मध्ये मिळाली. सदाशिव आणि बाळू या मुलांनीही कुंचला हाती घेतला.

आपण काय करावे

वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, पण छापील नकला सर्रास विकल्या जातात. त्यांत आकृत्या असतात, पण हाताने ओढलेल्या रेघेतला जीव नसतो, आणि पैसा वारली पाड्यांपर्यंत पोहोचत नाही. म्हशांनी वारली चित्राला चित्रकाराचे नाव मिळवून दिले. म्हणून चित्र घेताना ते कोणी काढले हे विचारा, आणि जमेल तेव्हा थेट वारली कलावंताकडूनच घ्या.