चुंबकाची थंडी : खरी किती, बाजारातली किती?



गेल्या उन्हाळ्यात वणीच्या बाजारात एका भाजीवाल्या शेतकऱ्याने मला थांबवले. "साहेब, चुंबकावर चालणारी थंडपेटी हाय म्हणते, वीज लागत नाही. पाच हजार इसार मागून राहिला. देऊ का?"

मी म्हणालो, "आधी ऐका, मग खिशात हात घाला." तुम्हीही ऐका.

चुंबकाने थंडी होते, हे खोटे नाही. गॅडोलिनियमसारख्या धातूच्या क्षारात त्या धातूचा प्रत्येक अणू म्हणजे इवलासा चुंबक. एरवी ते मोकळ्या गुरांसारखे कुठेही तोंड करून असतात. बाहेरून जबर चुंबक लावला की दावणीला बांधल्यासारखे एका ओळीत येतात आणि क्षार तापतो. ती उष्णता द्रवरूप हेलियमकडे काढून देतात व क्षाराचा बाहेरचा संबंध तोडतात. मग चुंबकाचा जोर काढून घेतला की दावी सुटतात, गुरे पांगतात. पांगायला लागणारी उष्णता ती क्षारातूनच घेतात, म्हणून क्षार गार होतो. माठाचे पाझरलेले पाणी उडताना माठातलीच उष्णता नेते, तसेच हे.

1926 च्या सुमारास डिबाय आणि जिओक या दोन शास्त्रज्ञांनी ही युक्ती सुचवली. 1933 मध्ये अमेरिकेत जिओक यांनी ती करून दाखवली आणि 1949 मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. उणे 273.15 अंशांखाली थंडी जातच नाही. ते त्या तळापासून एका अंशाच्या आत पोचले. आपल्या मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तांब्याच्या अणुगर्भांवर हीच युक्ती वापरली गेली. तिथे 2016 मध्ये दिसले की, त्या तळापासून 0.00053 अंशावर बिस्मथ धातूतून वीज विनाअडथळा वाहते.

पण ही प्रयोगशाळेची थंडी. घरगुती तापमानाला चालणारी चुंबकी यंत्रेही करून पाहिली गेली आहेत. त्यांतही चुंबक फिरवायला आणि पाणी खेळवायला शक्ती लागतेच. उष्णता फुकट बाहेर जात नाही. म्हणून विक्रेत्याला तीन गोष्टी विचारा : शक्ती कुठून येते? उष्णता कुठे जाते? माझ्यासमोर, माझ्या भाजीवर, तापमापक लावून दाखवता का? उत्तर नसेल, तर इसारही नाही.

भाजीसाठी सावलीत विटांची दुहेरी भिंत बांधा, मधल्या जागेत रेती भरा, सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडा, वर ओला तट्ट्या ठेवा. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात आतली हवा बाहेरच्यापेक्षा दहा-पंधरा अंशांनी गार राहू शकते. त्या शेतकऱ्याचा इसार वाचला. तुमचाही वाचवा.