गेलेनचे मुद्रण : पाठ आणि प्रामाण्य

प्राचीन ग्रंथ छापला गेला की त्याचा अधिकार वाढतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. सोळाव्या शतकात युरोपात छापल्या गेलेल्या ग्रीक वैद्यकग्रंथांचा इतिहास पाहिला, तर ही समजूत अर्धीच खरी असल्याचे आढळून येते.

मध्ययुगात पश्चिम युरोपातील वैद्यकाचा अभ्यासक हिपोक्रेटिस आणि गेलेन यांचे ग्रंथ लॅटिनमधून वाचीत असे; आणि त्यांतील पुष्कळ भाषांतरे मूळ ग्रीकवरून नव्हे, तर अरबीवरून झालेली होती. फेरारा येथील निकोलो लिओनिचेनो याने १४९२ साली प्लिनीच्या औषधी वनस्पतींविषयीच्या चुका उघड केल्या. औषधीचे नाव चुकले तर रोग्याच्या प्राणावर बेतते, हा त्याच्या विवेचनाचा गाभा होता. मूळ ग्रीक पाठाकडे वळणे ही म्हणूनच केवळ विद्वत्तेची हौस नव्हती. ते वैद्याचे कर्तव्य ठरले.

या निष्ठेचे फळ व्हेनिसमध्ये दिसले. आल्डस मनुशियसचे मुद्रणालय त्याच्या मृत्यूनंतरही चालू होते. त्याने १५२५ साली गेलेनचे ग्रीक ग्रंथ पाच खंडांत प्रसिद्ध केले आणि पुढच्याच वर्षी हिपोक्रेटिस छापला. संपादनास जॉन क्लेमेंटसारख्या इंग्रज विद्वानांचेही साहाय्य होते. तथापि गेलेनच्या या आवृत्तीत अशुद्धे फार राहिली. तिच्यातील तीन लहान प्रबंध १५२६ मध्ये लॅटिनमध्ये आणणाऱ्या इरॅस्मसने त्याविषयी नाराजीही व्यक्त केली. पुढे १५३८ साली बाझेल येथे गेलेन पुन्हा ग्रीकमध्ये छापला गेला, आणि यानस कॉर्नेरियसने शुद्ध केलेला हिपोक्रेटिसही तेथेच निघाला.

येथे मुद्रणाचा खरा गुण ध्यानी घ्यावयास हवा. हस्तलिखितातील चूक त्या एका पोथीपुरती असते. छापील चूक मात्र आवृत्तीच्या सर्व प्रतींत सहसा एकाच पृष्ठावर, एकाच ओळीत आढळते. त्यामुळे ती अधिक पसरते हे खरे. परंतु दूरदूरच्या नगरांतील दोन अभ्यासकांना त्याच ओळीवर बोट ठेवून वाद करता येतो, हेही तितकेच खरे. मुद्रणाने पाठ निर्दोष झाला नाही. तो सर्वांसमक्ष तपासता येण्याजोगा झाला.

या तपासणीचा शेवट संपादकांच्या अपेक्षेबाहेर झाला. गेलेनचा शवविच्छेदनाच्या पद्धतीवरील ग्रंथ ग्विंटर याने १५३१ साली पॅरिसमध्ये लॅटिनमध्ये आणला. त्याचाच शिष्य आंद्रेअस व्हेसेलियस. व्हेनिसच्या जुंता मुद्रणालयाने १५४१ साली गेलेनचे लॅटिन ग्रंथ काढले, तेव्हा शारीरविषयक काही भागांची दुरुस्ती त्याने केली. गेलेन वानरादी प्राण्यांची विच्छेदने करीत असे, हे त्याच्याच ग्रंथांत लिहिलेले होते. व्हेसेलियसने तो पाठ मानवी शवाशी ताडून पाहिला. गेलेनने दोन हाडांचा सांगितलेला खालचा जबडा माणसात एकसंध होता. १५४३ सालच्या आपल्या महाग्रंथात गेलेनने मानवी शरीर कधी विच्छेदिलेच नव्हते, असे त्याने स्पष्ट लिहिले. ज्या आवृत्त्या गेलेनचे प्रामाण्य पुन्हा प्रस्थापित करण्यासाठी निघाल्या, त्यांच्याच परंपरेतून त्या प्रामाण्याची परीक्षा उभी राहिली.

यात गेलेनचा अवमान झाला, असे मानण्याचे कारण नाही. स्वतःच्या डोळ्यांनी पाहा, हा उपदेश त्याचाच होता. त्याचा दुःखनिवारणावरील एक हरवलेला ग्रंथ २००५ साली थेसालोनिकीच्या व्लाताडोन मठातील हस्तलिखितात सापडला. इ. स. १९२ च्या रोममधील आगीत आपले ग्रंथ जळाले, त्यांत आपण शुद्ध केलेल्या प्राचीन ग्रंथांच्या प्रतीही गेल्या, असे तो त्यात सांगतो. म्हणजे पुढे ज्याचे पाठ शुद्ध करण्यात संपादकांच्या पिढ्या खपल्या, तो गेलेन स्वतःही पाठशोधकच होता. त्याच्या पाठातील चुका दाखविणारे लोक एका अर्थी त्याचेच काम पुढे चालवीत होते.