नागपाड्याची रिंग, माटुंग्याचं मैदान

बुऱ्हाणपूरच्या यंत्रमागांच्या गल्ल्यांत वाढलेल्या माणसाला मुंबईतला मदनपुरा फारसा परका वाटत नाही. एकोणिसाव्या शतकात उत्तरेकडचे मोमीन विणकर पोटासाठी दक्षिणेकडे सरकत आले. कुणी तापीकाठी बुऱ्हाणपुरात बसले, कुणी मालेगावात, भिवंडीत. काहींनी थेट मुंबई गाठून मदनपुऱ्यात माग मांडले. आडनाव अन्सारी, घरातली बोली उर्दू. फरक जाणवतो तो संध्याकाळी. बुऱ्हाणपूरची पोरं मोकळी जागा मिळाली की क्रिकेटचे स्टंप ठोकतात. मदनपुऱ्याला लागून असलेल्या नागपाड्यातली पोरं मान वर करून लोखंडी रिंगकडे बघत असतात. दाटीवाटीच्या, बहुसंख्य मुस्लिम वस्तीत बास्केटबॉल हा मोहल्ल्याचा खेळ कसा झाला? त्याचा माग काढत गेलं की आपण एका ख्रिस्ती मिशनच्या दारात पोहोचतो.

मुळात हा खेळच धर्मशास्त्र शिकलेल्या माणसाने शोधलेला. जेम्स नेस्मिथ मॉन्ट्रियलच्या प्रेस्बिटेरियन महाविद्यालयातून पाद्री व्हायच्या तयारीने बाहेर पडले, पण चर्चमधल्या प्रवचनापेक्षा मैदानातून तरुणांपर्यंत लवकर पोहोचता येईल असं त्यांच्या मनाने घेतलं. डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डमध्ये, वायएमसीए या ख्रिस्ती तरुणांच्या संघटनेच्या प्रशिक्षण शाळेत त्यांचे वरिष्ठ ल्यूथर गुलिक यांनी अठरा जणांचा एक वात्रट वर्ग त्यांच्या गळ्यात मारला. बाहेर कडाक्याची थंडी, आत कवायतीचा कंटाळा. नेस्मिथांनी व्यायामशाळेच्या सज्जाला दहा फुटांवर पीच फळांच्या दोन टोपल्या ठोकल्या आणि तेरा नियम टाइप करवून भिंतीवर लावले. चेंडू घेऊन पळायचं नाही. खांदा मारायचा नाही, धरायचं नाही, ढकलायचं नाही. आज ते नियम वाचले की हसू येतं; धसमुसळ्या पोरांना राग आवरायला शिकवण्यासाठीच खेळ रचला असावा, असं वाटतं. शरीर, मन आणि आत्मा यांचा वायएमसीएचा तांबडा त्रिकोण हीदेखील गुलिक यांचीच कल्पना. त्या पहिल्या अठरांपैकी टी. डंकन पॅटन यांनी १८९४ च्या सुमारास बास्केटबॉल हिंदुस्थानात आणला, अशी नोंद या खेळाच्या इतिहासात आहे.

नागपाड्यात मात्र बीज रुजलं ते आणखी तीस वर्षांनी.

अमेरिकन मराठी मिशन मराठी वाचकाला नवं नाही. १८१३ मध्ये मुंबईत उतरलेलं, ‘ज्ञानोदय’ चालवणारं, रेव्हरंड नारायण वामन टिळकांचं मिशन ते हेच. या मिशनचे क्लिफर्ड मॅनशार्ट १९२५ मध्ये मुंबईत आले. ते शिकागोत शिकलेले; त्याच शहरात जेन ॲडम्स यांच्या ‘हल हाऊस’ने वस्तीत राहून, शेजारी होऊन सेवा करायचा पायंडा पाडला होता. पुढच्याच वर्षी मिशनने मुंबईच्या गरीब वस्तीत काम करायचं ठरवलं आणि त्यातून ‘नागपाडा नेबरहुड हाऊस’ उभं राहिलं. एका अंगाला कामाठीपुरा, दुसऱ्या अंगाला मदनपुरा. आसपास मुसलमान, हिंदू, बगदादी यहुदी, ख्रिस्ती असे सगळेच. वाचनालय होतं, व्याख्यानं होती, आरोग्याचं काम होतं, आणि पोरांसाठी खेळ.

मिशनच्या कामाचं माप बाप्तिस्म्यांच्या आकड्याने काढायचा तो काळ. मॅनशार्ट यांनी ते माप बाजूला ठेवलं. सेवा हे धर्मांतराचं आमिष असता कामा नये, या मताचे ते होते. पुढे धर्मांतर आणि मिशनकार्य यांविषयीचे गांधीजींचे विचार त्यांनी ‘द महात्मा अँड द मिशनरी’ या पुस्तकात संपादित केले. याला ख्रिस्ती संस्कार म्हणायचं की नाही, यावर वाद घालता येईल. पण रोज संध्याकाळी त्याच वेळी, त्याच जागी, आपल्यासाठी थांबलेलं कुणीतरी मोठं माणूस पोरांना तिथे भेटत असे. बापही नियमित न दिसणाऱ्या गिरणी-गोदीच्या वस्तीत ही गोष्ट लहान नव्हती.

त्या घराला आणखी एक फांदी फुटली. वस्तीत काम करणारी माणसं प्रशिक्षित हवीत, हा मॅनशार्ट यांचा आग्रह सर दोराबजी टाटा ट्रस्टने उचलून धरला आणि १९३६ मध्ये समाजकार्य शिकवणारी देशातली पहिली संस्था नेबरहुड हाऊसमध्येच सुरू झाली. पहिले संचालक मॅनशार्टच. तीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था. गंमत अशी की दोराबजींचं नाव खेळाच्या धाग्यानेही वायएमसीएशी बांधलेलं आहे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावरच्या शर्यती पाहून त्यांनी १९२० मध्ये अँटवर्पच्या ऑलिंपिकला खेळाडू धाडले, त्यात बेळगावचे धावपटू फडेप्पा चौगुले होते. १९२७ मध्ये भारतीय ऑलिंपिक संघटना झाली तेव्हा दोराबजी अध्यक्ष झाले, आणि सचिव झाले वायएमसीएचे डॉ. नोरेन.

नागपाड्यातली रिंग मिशनऱ्यांच्या हातून हळूहळू मोहल्ल्याच्या हाती आली. बच्चू खान यांनी इथल्या पोरांच्या पिढ्या घडवल्या. महापालिकेचं मैदान आज त्यांच्याच नावाने ओळखलं जातं. याच गल्ल्यांतले अब्बास मुंतसिर भारताचे कर्णधार झाले, १९७० चा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला. यांपैकी कुणी ख्रिस्ती झालं नाही. मिशनची खेळाची सवय तेवढी राहिली, आणि थोरल्याने धाकट्याला शिकवायची रीत.

सात-आठ किलोमीटरवर माटुंग्याला हाच चेंडू वेगळ्या ढंगाने उसळतो. सेलेशियन पाद्री १९२८ मध्ये मुंबईत आले. त्यांचे गुरू इटलीतले डॉन बॉस्को. तुरीनच्या रस्त्यांवर भटकणाऱ्या पोरांना त्यांनी १८४१ पासून गोळा केलं. लहानपणी जत्रेतल्या डोंबाऱ्यांचे खेळ बघून शिकलेली दोरीवरची चाल आणि हातचलाखी ते गावातल्या पोरांना दाखवत आणि प्रार्थना म्हटली तरच पुढचा खेळ, अशी अट घालत. पाद्री झाल्यावरही त्यांची पद्धत फारशी बदलली नाही. शिक्षकाने खुर्चीवरून पहारा करायचा नाही, झगा सावरत मधल्या सुट्टीत पोरांच्यात उतरायचं, हा त्यांचा दंडक. चूक झाल्यावर छडी उगारण्यापेक्षा चुकीची वेळच येऊ नये इतकं जवळ राहायचं.

माटुंग्याच्या डॉन बॉस्को शाळेत अखिल भारतीय बास्केटबॉल स्पर्धा होते, तिचं नाव सॅव्हिओ करंडक. हा सॅव्हिओ म्हणजे डॉन बॉस्कोंचा विद्यार्थी डॉमिनिक. १८५४ मध्ये बारा वर्षांचा हा पोरगा पहिल्या भेटीत त्यांना म्हणाला होता की मी कापड आहे, तुम्ही शिंपी व्हा. बुऱ्हाणपूरच्या विणकरालाही पटावी अशी उपमा. दोन वर्गमित्र दगड घेऊन एकमेकांवर धावले तेव्हा हातात क्रूस धरून तो मध्ये उभा राहिला, आणि नव्या, एकट्या पडलेल्या, वांड पोरांना सांभाळून घ्यायला त्याने मित्रांची एक मंडळी काढली. पंधरावं वर्ष पूर्ण व्हायच्या आतच, १८५७ मध्ये तो गेला. १९५४ मध्ये चर्चने त्याला संत ठरवलं.

म्हणजे माटुंग्यात विश्वास उघडपणे मैदानात उभा आहे, करंडकावर त्याचं नाव आहे. नागपाड्यात तो मोहल्ल्याच्या अंगवळणी पडून दिसेनासा झाला. दोन्हींत अधिक खरं कोणतं, हे पाद्री आणि समाजशास्त्रज्ञ यांनी आपापसात ठरवावं. स्पर्धांच्या निमित्ताने दोन्हीकडची पोरं एकाच कोर्टवर येतात, तेव्हा तो प्रश्न कुणाच्या डोक्यात नसतो.

नागपाड्याच्या संघटनेचं नाव नागपाडा बास्केटबॉल असोसिएशन. आद्याक्षरं जुळवली की होतं एनबीए, अमेरिकेतल्या प्रसिद्ध बास्केटबॉल लीगचंच नाव. मोहल्ल्यातल्या पोराला विचारलं, कुठे खेळतोस, तर तो छाती पुढे काढून सांगतो, एनबीएत; आणि समोरच्याचा चेहरा बघत थांबतो.